नव्या सभासदाला मंडळीच्या सेवेत कसं सामावून घ्यावं

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये ‘सेवेसाठी नावं द्या’ असं सांगून माणसं मिळत नाहीत. नावं येतात ती नेहमीचीच. नवा माणूस गाणी गाऊन, प्रार्थना करून सरळ स्टेशन गाठतो.

त्याच्या गावाकडच्या मंडळीचं सभासदत्व बदलीचं पत्र आलं, पाळकसाहेबांनी यादीत नाव चढवलं, की काही रविवार त्याला निवांत बसू द्यावं. मग घरी जाऊन चहा घ्यावा. ‘तुम्हाला कशाची आवड आहे?’ हा प्रश्न निरुपयोगी. उत्तर ‘काहीही चालेल’ असंच येतं. आधीच्या मंडळीत काय करत होता आणि रविवारी सुट्टी नक्की असते का, एवढंच विचारावं. नवी मुंबईत दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. कुणाची महापे-रबाळ्याला शिफ्ट, कुणाची हॉस्पिटलात नाईट. कळव्याहून वाशीला येणाऱ्याला ठाण्यात गाडी बदलावी लागते, त्यात रविवारी मेगाब्लॉक. अशाला सकाळी कुलूप उघडायचं काम देऊ नये.

मग एकच काम सांगावं, मुदतीसह: ‘नाताळपर्यंत दारावर स्वागताला उभ्या राहाल का?’ विचारायचं ते काम स्वतः करणाऱ्यानं, समोरासमोर.

इथवर सोपं. घोडं अडतं ते पहिल्या रविवारी, आणि अडवतात आपलेच लोक. नवी ताई तासभर आधी येते. काका खुर्च्या मांडत असतात, मावशी गीतांच्या वह्या लावत असतात. ती हात पुढे करते, तर ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो!’ बोलणं प्रेमाचंच असतं. ती पर्स मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ती उपासनेच्या वेळेवरच येते, आणि आपण म्हणतो, ‘हल्लीच्या लोकांना सेवा नको.’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मला हे सुटायला बराच काळ लागला. जुन्यांना ‘नव्यांना संधी द्या’ असं सांगून काही होत नाही, मान तेवढी डोलावतात. त्यापेक्षा कामाचा एक तुकडा पूर्ण तोडून द्यावा. वह्या वाटणं आणि गोळा करणं ताईंचं, मावशींनी त्यात हात घालायचा नाही. पहिले दोन रविवार मावशी शेजारी उभ्या राहतील, तिसऱ्या रविवारी बाकावर बसतील. वह्या उलट्यासुलट्या लागल्या तरी उठायचं नाही! हे मावशींना आदल्या दिवशी फोन करून सांगावं, सगळ्यांदेखत नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडवून घेतले आणि ते काम त्यांच्याकडे सोपवलं. स्वतः पुन्हा वाढायला उभे राहिले नाहीत.

दोन ठिकाणी मात्र घाई नको. दानार्पण मोजायला नेहमी दोघे, नवा असो की जुना. शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, नव्या माणसाला मुलांबरोबर एकटं कधीच ठेवू नये. आधीच्या पाळकांशी आपल्या पाळकसाहेबांचं बोलणं झाल्याशिवाय तर वर्गातही नाही. कुणाला राग आला तर येऊ द्यावा.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शेवटी घ्यावं, नाहीतर नुसत्या ‘आमेन’च्या रांगा वाचून माणूस कंटाळतो.

मुदत संपली की पुन्हा विचारावं. ‘आता काम सोडते’ म्हणाली तर आभार मानून सोडू द्यावं, आणि पुढच्या रविवारी दारात गाठून कारण विचारू नये.