बोटीवर लष्करी ऑपरेशन चालू असताना जखमी माणूस कसा सांभाळायचा

जमिनीवर शिकलेलं समुद्रावर जसंच्या तसं चालत नाही, बोट हलतेय, सगळं ओलंय आणि हॉस्पिटल कित्येक तास लांब. म्हणून निघायच्या आधीच किट ओल्या ग्लोव्हजनी, अंधारात, एका हाताने उघडून बघा. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळून दांडीने पिळायचा पट्टा) प्रत्येकाच्या अंगावर आणि दोन्ही हातांना पोचेल असं हवं, लाईफ जॅकेट फुगल्यावरही (खरंच फुगवून बघा, बरेच जण हे करतच नाहीत).

गोळीबार चालू असेल तर उपचार म्हणजे आडोसा आणि टूर्निकेट, बास. हातापायाला कपड्यावरूनच, जमेल तितकं वर. पट्टा आधी गच्च ओढा मगच दांडी फिरवा, पट्टा ढिला राहिला तर दांडी फिरवत बसाल आणि रक्त चालूच राहील. वेळ मार्करने लिहा.

कोणी पाण्यात पडला तर आधी तरंगता ठेवा. बाहेर काढताना शक्यतो आडवा घ्या, गार पाण्यातून उभा ओढला की बीपी एकदम कोसळू शकतं.

आडोशाला आलात की आधी रक्तस्राव, मग श्वासाची वाट, छाती, नाडी, या क्रमाने जा. जांघेत, काखेत टूर्निकेट बसत नाही, तिथे जखमेत हिमोस्टॅटिक गॉझ (रक्त लवकर गोठवणारं औषध लावलेली जाळीदार पट्टी) ठासून भरा आणि निदान 3 मिनिटं दाबून धरा, बोट उसळत असेल तर एकट्याने ते होत नाही, दुसऱ्याला तुमचा बेल्ट पकडायला सांगा. चेस्ट सील (छातीच्या जखमेवर लावायची हवाबंद चिकटपट्टी) ओल्या अंगाला चिकटत नाही, आधी कोरडं पुसा. लावल्यावर दम वाढला तर एक कड उचलून हवा बाहेर जाऊ द्या.

आणि थंडी! माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढतं आणि गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणजे तुम्ही थांबवलेलं रक्त परत सुरू होऊ शकतं. उन्हाळ्यातसुद्धा ओले कपडे कापून काढा, अंगाखाली काहीतरी जाड घाला, वारा लागणार नाही असं गुंडाळा, पण टूर्निकेट दिसेल असं ठेवा.

माणूस शिडीवरून, बोटीत, हेलिकॉप्टरच्या दोरावर, जितक्या वेळा हलवाल तितक्या वेळा टूर्निकेट आणि सील परत तपासा. उशीर होणार असेल तर 2 तासांच्या आत टूर्निकेटऐवजी प्रेशर ड्रेसिंग (जखमेवर दाब देणारी घट्ट पट्टी) जमतंय का ते ट्रेनिंग झालेल्या मेडिकने बघायचं, पण माणूस शॉकमध्ये (रक्त जाऊन बीपी कोसळलेला) असेल किंवा हातपाय तुटला असेल तर नाही. 6 तास उलटून गेले असतील तर बोटीवर टूर्निकेट सोडू नका.