टुर्नामेंटला उलटा हत्ती ठेवू नका, आणि अजून काही चुका

बुद्धिबळात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर करतात, आणि घरी जास्तीचा वजीर नसला की हत्ती उलटा ठेवून त्यालाच वजीर म्हणायचं, ही सवय आपल्याकडे जवळपास सगळ्यांची, आणि तीच घेऊन लोक थेट टुर्नामेंटला बसतात. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात उलटा हत्ती हा हत्तीच. तोंडाने कितीही वजीर वजीर म्हणा.

एका ओपनला, म्हणजे सगळ्यांना खुल्या टुर्नामेंटला, डोळ्यासमोर झालेला गेम सांगतो. दोघंही हौशी, बोर्डवर उरलेलं एवढंच: पांढऱ्याचा राजा ए-७, प्यादं बी-७, काळ्याचा राजा डी-६ आणि प्यादं एच-२. चाल पांढऱ्याची. बी-८ ला वजीर केला की राजाला तिरका शह, राजा सरकला की त्याच रेषेत मागे उभं असलेलं एच-२ चं प्यादं फुकट, गेम खिशात. पण मेलेला वजीर समोरच्याच्या बाटलीमागे, घड्याळात थोडेच सेकंद, म्हणून पांढऱ्याने हाताशी होता तो हत्ती उलटा ठेवला आणि घड्याळ दाबलं. आर्बिटर, म्हणजे पंच, आले, म्हणाले हत्ती. आता शहच नाही, काळ्याने एच-१ ला वजीर केला आणि पांढरा हरला. कॅनडाच्या २०१७ च्या चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमध्ये नॉरित्सिनच्या बाबतीत सांबुएव्हसमोर हेच झालं होतं, आणि ते तर तगडे मास्टर.

मी काय करतो, प्यादं सहाव्या घरात आलं की आधी वजीर शोधून जवळ ठेवतो. नसलाच तर घड्याळ दाबायचं नाही, थांबवायचं आणि आर्बिटरकडे वजीर मागायचा, नियमात तशी परवानगी आहे. नुसतं प्यादं ढकलून घड्याळ दाबलंत तर इल्लीगल मूव्ह, क्लासिकलमध्ये (जास्त वेळाच्या गेममध्ये) समोरच्याला दोन मिनिटं जादा आणि दुसऱ्यांदा झालं तर गेम गेला. मोबाइलवर ॲपच वजीर ठेवून देतं, त्यामुळे नवीन पोरांच्या हाताला वजीर शोधून ठेवायची सवयच लागत नाही, आणि वेळ सगळा ट्रॅपचे (समोरच्याला फसवायच्या चालींचे) व्हिडिओ बघण्यात जातो. आठवड्यातून एकदा तरी खरा बोर्ड आणि घड्याळ घेऊन बसा रे!

कॅसलिंगला (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवतात ती चाल) आधी राजा, एकाच हाताने. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला बंद.

चाल ज्या हाताने, घड्याळही त्याच हाताने.

ड्रॉ मागायचा तर आधी चाल, मग ऑफर, मग घड्याळ. समोरचा विचार करत असताना दर दोन चालींनी ड्रॉ ड्रॉ करत बसलात तर तो त्रास देणं धरला जातो आणि आर्बिटर दंड करू शकतात.