ऑइलचा ग्रेड बदलताय? आधी फिल्टरची रबर रिंग बघा

जुना ऑइल फिल्टर काढलात की तो उलटा करा आणि त्याच्या तोंडावरची काळी रबर रिंग जागेवर आहे का बघा. नसेल तर ती इंजिनालाच चिकटून राहिली आहे. तिच्यावर नवा फिल्टर चढवू नका. मी चढवला होता, म्हणून ही यादी.

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरलो, साखरप्याला थांबून ऑइल मोजायची पट्टी बघितली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. इंजिनात ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल, दुकानात फक्त २०डब्ल्यू-५०, म्हणजे जाड. अर्धा लीटर ओतलं आणि पुढे गेलो. ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. ऑइल कमी असताना गाडी दामटण्यापेक्षा दुसऱ्या ग्रेडचं मिसळलेलं केव्हाही बरं. मोटारीच्या इंजिनाची ऑइलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. चूक झाली ती घरी परतल्यावर, सगळं काढून पुन्हा ५डब्ल्यू-३० भरताना.

आता तयारी. सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि कंपनीने कोणकोणते ग्रेड चालतात म्हटलंय ते वाचा. अनेक गाड्यांना एकाहून जास्त चालतात. त्या चौकटीत बदल करायला हरकत नाही. ‘गाडी लाख किलोमीटरवर गेली, आता जाड टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकण्याआधी आकडे समजून घ्या. मागचा आकडा गरम इंजिनाचा: १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे बराच फरक. आजच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा याच ऑइलच्या दाबावर चालते, तिच्या वाटा अरुंद असतात, आणि त्या पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. पुढचा डब्ल्यूचा आकडा थंडीचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे एवढी थंडी नाही, मग काय फरक पडतो, असं म्हणू नका. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना ५डब्ल्यू वरपर्यंत लवकर पोचतं, आणि इंजिनाची झीज त्या पहिल्या काही क्षणांतच जास्त होते.

माझ्यासारखं अर्धा लीटर जाड ऑइल तीन लीटर पातळ ऑइलमध्ये गेलं तर गरम इंजिनातलं मिश्रण बहुधा ३० च्या हद्दीतच राहतं. पण थंडीतल्या वागण्याची खात्री उरत नाही, म्हणून पुढची सर्व्हिसिंगची तारीख न बघता लवकर बदला. घाबरून इंजिन फ्लश करत, म्हणजे आतून धुवून काढत बसायची गरज नाही.

डिझेलवाल्यांनो, बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाडीला धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असेल तर नुसता ग्रेड जुळून भागत नाही. कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये सी२, सी३ असं काहीतरी लिहिलेलं असेल, तेच डब्यावर हवं. राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जळून जात नाही. आणि कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरू शकतो.

सामान: ऑइल, नवा फिल्टर, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटाचं नवं वायसर, पाना, फिल्टर पाना, नरसाळं, पसरट टब, फडकी. आणि टॉर्च. टॉर्च रिंगसाठी. मोबाइलच्या उजेडात खालून बघताना काळ्या ऑइलने माखलेल्या धातूवर काळी रिंग दिसतच नाही, मला दिसली नव्हती. टॉर्च धरा, फिल्टर बसतो ती जागा फडक्याने पुसा, आणि बोट गोल फिरवून बघा. गुळगुळीत धातू लागला पाहिजे. रबर लागलं तर नखाने ओढून काढा.

नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जायचं नाही. स्टँड लावा, नाहीतर हे काम गॅरेजला द्या. यावर वाद नको.

इंजिन पाच मिनिटं चालवा, ऑइल कोमट झालं की नट काढा. धार थेंबावर येईपर्यंत थांबा, नवं वायसर घालून नट परत बसवा. मग फिल्टर. रिंग बघितलीत? जुनी रिंग जुन्या फिल्टरवर दिसली पाहिजे, डोळ्यांनी. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा, फिल्टर हाताने बसवा, रिंग टेकल्यावर पाऊण वळसा. फिल्टरच्या खोक्यावर वेगळं सांगितलं असेल तर त्याप्रमाणे.

माझ्या दोन रिंगा एकावर एक बसल्या होत्या. त्या दिवशी इंजिन चालवून बघितलं, एक थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात दाब वाढला, बाहेरची रिंग सरकली आणि सोसायटीच्या गेटपाशी ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. मागे पार्किंगपासून गेटपर्यंत ऑइलचा पट्टा, आणि शेजारच्या आजी त्यावरून चालत येत होत्या. त्यांना हात करून थांबवलं. त्या घसरल्या असत्या तर, हा विचार अजून जात नाही.

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लीटर कमीच ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटांनी सपाट जागेवर पट्टी बघा, मग थोडं थोडं. वरच्या खुणेच्या वर नाही. खाली वाकून फिल्टरभोवती बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करून पुन्हा बघा, जागचं न हलता.

ग्रेड, तारीख, किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटखाली चिकटवा. त्याच ऑइलचा एक लीटरचा डबा डिकीत. जुनं ऑइल गटारात नाही, गॅरेजवाल्याकडे द्या.