"बेअरिंगला ग्रीस कुठलं घालतात?"

रेडिओग्राफीच्या डिप्लोमाला प्रवेश घेतल्यावर एक्स-रे ट्यूबची आकृती मी दोन दिवसांत पाठ केली. फिलामेंट, फोकसिंग कप, ॲनोड, काचेचं आवरण, बाहेरचं शिशाच्या अस्तराचं हाउसिंग. नावं सगळी यायची. ट्यूब कळली मात्र कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, मामांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात.

मामा वायंडिंग भरत बसले होते. "आमच्या ट्यूबमध्येपण मोटार असते," असं म्हणून मी वही पुढे केली. त्यांनी आकृती निरखून बघितली. मोटारीचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर, फिरणारा म्हणजे रोटर.

"स्टेटर काचेच्या बाहेर आणि रोटर आत? आत हवा?"

"नाही. पूर्ण निर्वात."

"फेरे किती?"

"मिनिटाला तीन हजारांच्या आसपास."

"म्हणजे दोन पोलची. मग बेअरिंगला ग्रीस कुठलं घालतात रे? निर्वातात तेल टिकायचं नाही."

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ग्रीसची वाफ होऊन निर्वात बिघडेल, म्हणून तिथे चांदी किंवा शिसं अशा मऊ धातूचा पातळ थर वंगणाचं काम करतो. त्या एका प्रश्नामुळे प्रत्येक भाग असा का आहे, हे मी विचारायला लागलो. नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी उष्णतेचा हिशोब समजून घ्या. टंगस्टनचं फिलामेंट तापलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. हजारो व्होल्टच्या दाबाने ते ॲनोडवर, म्हणजे समोरच्या धातूच्या तबकडीवर, आदळतात आणि तिथे थबकताना एक्स-रे निर्माण होतात. पण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतले जवळजवळ 99 टक्के उष्णतेत जातात, किरण होतात ते फक्त 1 टक्क्याच्या आसपास. म्हणून ॲनोडला 3,400 अंशांपलीकडे वितळणारं टंगस्टन. म्हणून तबकडी मोटारीने फिरती, एकाच ठिपक्यावर मारा होऊ नये यासाठी. आणि म्हणूनच हाउसिंगमध्ये तेल: ते उष्णता बाहेर नेतं आणि विजेपासून इन्सुलेशनही देतं.

केव्ही (किलोव्होल्ट, ट्यूबवरचा विजेचा दाब) आणि एमए (मिलिअँपिअर, ट्यूबमधला प्रवाह) यांत माझाही सुरुवातीला गोंधळ व्हायचा. एमए वाढवला की इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून किरणही जास्त. केव्ही वाढवला की किरणांची आरपार जाण्याची ताकद वाढते. हाताला साधारण 50 केव्ही पुरतात, कमरेच्या मणक्याला तेवढ्यात भागत नाही.

एक चूक मी बरेच दिवस केली. एक्स्पोजरच्या, म्हणजे किरण सोडण्याच्या, बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्यात ॲनोड वेग घेतो आणि फिलामेंट पूर्ण तापतं, दुसऱ्यात किरण सुटतात. लहान मूल स्थिर होईपर्यंत मी पहिला टप्पा दाबूनच धरायचो. सिनिअर ताईंनी हात थांबवला. तेवढा वेळ टंगस्टनची वाफ होत राहते, ती काचेच्या आतल्या बाजूला बसते, पुढे तिथूनच ठिणगी पडून ट्यूब जाऊ शकते. आधी मुलाला नीट झोपवा, बटण नंतर. सकाळी पहिल्या पेशंटआधी कमी शक्तीचे वॉर्मअप एक्स्पोजरही टाळू नका. गार ॲनोडवर एकदम मोठा भार आला तर त्याला तडा जाऊ शकतो.

हील इफेक्ट परीक्षेपुरता लिहून सोडू नका. ॲनोडचा पृष्ठभाग तिरका असतो, त्यामुळे त्या बाजूचे किरण त्याच धातूत थोडे अडतात आणि कॅथोडकडची, म्हणजे फिलामेंटकडची, बाजू जास्त प्रखर राहते. मांडीचा एक्स-रे काढताना जाड भाग, म्हणजे खुब्याकडची बाजू, कॅथोडखाली ठेवा. फिल्मवरचा फरक एकदा बघितला की विसरत नाही.

आणखी एक, कारण हा प्रश्न रोज येतो. "आता आत आलं तर चालंल काय?" असं नातेवाईक दारात उभं राहून घाबरत विचारतात. एक्स्पोजर संपलं की किरणही संपले, खोलीत काही साचून राहत नाही. हे त्यांना शांतपणे, घाई न करता सांगा. तुमच्यावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज मात्र रोज छातीवर पाहिजे, आणि एक्स्पोजरच्या वेळी तुम्ही आडोशामागे.

रोटरचा आवाज रोज ऐकत जा. हे मी मामांकडून शिकलो, मोटार सुरू केल्यावर ते आधी कान देतात. चांगला रोटर सलग, एकसारखा घुमतो. त्यात घरघर किंवा खरखर आली तर रजिस्टरमध्ये तारीख घाला आणि त्याच दिवशी इंजिनिअरना फोन करा.