विज्ञानकथासंग्रहावर वाचकांची मतं घेताना

"संग्रह कसा वाटला?" असं विचारलं की "छान होता, काही कथा जरा जड गेल्या" यापलीकडे काही हाती लागत नाही. मत एकेका कथेवर मागा, आणि चर्चेला तोंड फुटण्याआधी लिहून घ्या.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या छोट्या मंडळात दहा वाचक असतील, तर पुस्तकाच्या तीन प्रती पुरतात. एकाकडे दहा दिवस प्रत, म्हणजे चार फेऱ्यांत सहा आठवडे. बैठक नवरात्रात किंवा उत्तरायणाला ठेवू नका. बडोद्यात गरबा आणि पतंगापुढे कुठलंच अंतराळयान टिकत नाही. बारा कथा असतील तर एकाने पहिलीपासून, दुसऱ्याने पाचवीपासून, तिसऱ्याने नववीपासून सुरुवात करावी. नाहीतर शेवटच्या कथा प्रत परत करायच्या घाईत उरकल्या जातात आणि विनाकारण कमी गुण घेतात.

लेखकांची नावं झाका. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती, ती याचसाठी की नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये. झाकायला मास्किंग टेप वापरा. सेलोटेप काढताना अक्षरंही उचलली जातात. अनुक्रमणिकेवर कोरा कागद यू-पिनने लावला की झालं.

प्रत्येक कथेला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. त्यावर चारच गोष्टी: पाचपैकी गुण, कथेने गृहीत धरलेली कल्पना एका वाक्यात, खटकलेली जागा पानासकट, आणि विज्ञान काढून टाकलं तर कथा उरते का. कार्ड त्याच दिवशी भरायचं. गुजराती माध्यमातल्या मुलांनी गुजराती लिपीत मराठी लिहिलं तरी चालवून घ्या, मजकूर महत्त्वाचा.

खटकलेल्या जागेवर खरा वाद होतो. काळात मागे जाणं ही गृहीत कल्पना. तिला चूक म्हणू नये. पण मंगळावरचा नायक पृथ्वीवरच्या आईशी फोनवर बोलावं तसं बोलत असेल, तर ती चूक. संदेश एका बाजूने पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, आईचं "जेवलास का?" आणि त्याचं "हो" यांत निदान सहा मिनिटं जायला हवीत. तात्काळ संपर्काचं यंत्र कथेने आधीच मांडलं असेल, तर मात्र तक्रार मागे घ्या.

नुसती सरासरी काढू नका. ५, ५, १, १ आणि ३, ३, ३, ३ यांची सरासरी सारखीच, पण बैठकीत आधी घ्यायची ती पहिली कथा. पाच देणाऱ्याला आधी बोलू द्या. एक देणारा आधी बोलला की बाकीचे आपले गुण सारवासारव करत सांगतात.

नावं अगदी शेवटी उघडा. त्यानंतर कुणाला गुण बदलावेसे वाटले तर जुना आकडा न खोडता शेजारी दुसऱ्या शाईने लिहायला सांगा.