नकाशातले सत्तर मीटर

डिप्लोमानंतर मी नवी मुंबईत रबाळ्याला एका नेटवर्क केबलिंगच्या कॉन्ट्रॅक्टरकडे लागलो. चार महिन्यांतच महापेच्या एका ऑफिसचा अख्खा मजला माझ्यावर सोपवला. इंटिरियरवाल्यांनी रॅकला (नेटवर्कची यंत्रं ठेवायचं कपाट) लिफ्टशेजारचा कोपरा दिला होता. ड्रॉइंगवर पट्टी ठेवून पाहिलं, तर सगळ्यात लांबची केबिन सत्तर मीटरवर. निर्धास्तपणे कॅट 6 (नेटवर्कची तांब्याची केबल) ओढून घेतली. लॅपटॉप लावला, लिंकचा दिवा लागला, मी खूश.

अण्णांनी (आमचे सिनियर) टेस्टर (केबलची लांबी आणि दर्जा तपासायचं यंत्र) लावला. त्या बाजूचे अठरा पॉइंट फेल. लांबी 103 मीटर.

पॅच पॅनलपासून (रॅकमधली केबली जोडायची पट्टी) भिंतीतल्या आय-ओपर्यंत (नेटवर्कचं सॉकेट) जास्तीत जास्त 90 मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या केबली) धरून 100, हे मला पाठ होतं. पण केबल ड्रॉइंगवरच्या रेघेसारखी सरळ जात नाही. रॅकमधून वर सीलिंगला चढते, बीमला वळसा घालते, एसीची डक्ट आडवी आली की बाजूने फिरते, मग टेबलापर्यंत खाली उतरते. शिवाय दोन्ही टोकांना थोडी जास्तीची ठेवावी लागते. "अरे, नकाशा मोजलास, वाट कुठे मोजलीस?" एवढंच अण्णा म्हणाले. शेवटी पॅन्ट्रीच्या स्टोअरमध्ये दुसरा छोटा रॅक बसवला, दोन रॅकच्या मध्ये ऑप्टिकल फायबर टाकली आणि ते पॉइंट तिकडे वळवले. भुर्दंड कॉन्ट्रॅक्टरला, बोलणी मला.

तेव्हापासून फॉल्स सीलिंग लागायच्या आत टेप घेऊन मजला चालतो. एसीवाला आणि स्प्रिंकलरवाला सोबत असले तर उत्तमच. डक्ट नंतर सरकली की शिव्या आपल्यालाच. इलेक्ट्रिशियनशीही तेव्हाच बोलून घ्या: पॉवरच्या वायरींची ट्रे वेगळी हवी, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

केबल निवडताना वायफायच्या पॉइंटवर चिंगूसपणा नको. कॅट 6 वर 10 गिगाबिटचा वेग साधारण 55 मीटरपर्यंतच धरा. कॅट 6ए त्याच वेगाने पूर्ण 100 मीटर जाते. कॅमेरे आणि वायफायला वीजही त्याच केबलमधून मिळते. या पद्धतीची, म्हणजे पीओईची, सुरुवात 15.4 वॉटपासून झाली, आता नेटवर्क स्विच (रॅकमधलं केबली एकमेकींना जोडणारं यंत्र) एका पोर्टवर 90 वॉटपर्यंत देतो. इथे स्वस्त केबल दगा देते. बऱ्याचदा ती आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी असते. तार ब्लेडने खरवडा, पांढरी दिसली तर बॉक्स परत. अशी केबल तापते आणि कॅमेऱ्यापर्यंत पुरता व्होल्टेजही पोचत नाही.

आपल्याकडचा पाऊस वेगळा हिशेबात धरा. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला आउटडोअर केबलच वापरा आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. पाणी तिथूनच गळून जातं.

पंचिंग (तारा सॉकेटमध्ये दाबून बसवणं) सरावाने येतं. केबलमधल्या तारांच्या जोड्यांचा पीळ मात्र 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. टेस्टर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, तो भाड्याने मिळतो.

आणि लेबल. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या ऑफिसात दोन पॉइंट हलवायचे होते. रॅकमध्ये शंभरेक निळ्या केबली, एकीवरही नंबर नाही. टोनर (केबलमध्ये सिग्नल सोडून तिचं दुसरं टोक शोधायचं यंत्र) घेऊन एकाने रॅकपाशी बसायचं, दुसऱ्याने टेबलाखाली शिरायचं. त्या दोन पॉइंटनी आमचा दीड दिवस खाल्ला.