हा जांभळा मजकूर कोणाचा?

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मीटिंगच्या नोट्स माझ्या गळ्यात पडल्या. आम्ही ईथरपॅड ही सगळ्यांनी मिळून लिहायची ऑनलाइन वही वापरायचो. सहा जण एकाच पानावर टाइप करायचे आणि ज्याच्या-त्याच्या मजकुरामागे त्याचा रंग. दिसायला झकास.

मीटिंग संपली आणि मी उत्साहाने पान आवरायला घेतलं. विखुरलेले मुद्दे कट केले, योग्य मथळ्याखाली पेस्ट केले. दुसऱ्या दिवशी विचारणा आली, "सर्व्हर शुक्रवारी हलवायचा हे तू ठरवलंस?" पाहते तर अर्धं पान माझ्या फिक्या जांभळ्यात! पेस्ट करणाऱ्याचा रंग मजकुराला लागतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी पानाचा आधीचा प्रवास दाखवणारा टाइमस्लायडर मागे नेत नेत एकेका ओळीचा मूळ धनी शोधला. दुपार त्यातच गेली.

तेव्हापासून आत शिरल्या शिरल्या आधी नाव टाकते आणि रंग स्वतः निवडते. आपोआप मिळालेल्या रंगावर विसंबू नका. समजा, 12 रंगांतून 5 जणांना चिठ्ठी टाकल्यासारखे रंग वाटले, तर निदान दोघांना एकच रंग येण्याची शक्यता जवळपास 62 टक्के निघते. मला वाटलं होतं, फार तर वीस.

आणखी एक गोची म्हणजे ईथरपॅड तुम्हाला ओळखतं ते कुकीवरून, म्हणजे त्या-त्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्याशा खुणेवरून. लॅपटॉपवरून अर्धं लिहून उरलेलं फोनवरून लिहिलंत, तर पानावर तुम्ही दोन माणसं. गूगल डॉक्समध्ये तर आज निळा असलेला कर्सर उद्या गुलाबी असू शकतो, त्यामुळे 'निळ्याने लिहिलंय' असं तिथे कधीच म्हणू नये.

आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. तो बिचारा तीन आठवडे गप्प होता. त्याच्यासाठी मी ओकाबे-इतो रंगसंच शोधला. अशा नजरेलाही वेगळे दिसतील असे 8 रंग त्यात आहेत. काळा पार्श्वभूमीला कुचकामी, म्हणून उरले 7. तेही फिके करून वापरावे लागतात, नाहीतर अक्षरं वाचवत नाहीत. आणि फिके केले की पुन्हा एकमेकांच्या जवळ जातात! म्हणून रंगाच्या जोडीला ओळीच्या सुरुवातीला आद्याक्षरं लिहायची, असं ठरलं. कंटाळवाणं आहे, पण कट-पेस्टमध्ये ती पुसली जात नाहीत.

टूलबारवर सगळ्यांचे रंग एका दमात काढणारं बटण आहे. नव्या माणसाला मी ते पहिल्याच दिवशी दाखवते आणि हात लावू नकोस म्हणते.